खांबाला काँक्रीट की फोम?

प्रश्न : नमस्कार दादा, संगमेश्वरजवळ आमची ६ गुंठे जागा आहे, उतारावर, आंब्याची कलमं लावलीयत. गाडी खालच्या वाडीपर्यंतच येते, पुढे दहा मिनिटं पाखाडी चढावी लागते. कुंपणाला ८ फुटी लोखंडी अँगलचे ४० खांब लावायचेत. अमेरिकेतला एक व्हिडिओ बघितला, खड्ड्यात फोम ओतला आणि तीन मिनिटांत खांब घट्ट. आपल्याकडे डब्यात मिळतो तो पीयू (पॉलियुरेथेन) फोम वापरला तर चालेल का? वाळू-खडी वर नेण्याची मजुरीच परवडत नाहीये.

उत्तर : डब्यातला फोम अजिबात वापरू नका, हे पहिल्यांदा सांगतो, कारण तो आणि व्हिडिओतला फोम ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. व्हिडिओतल्या पिशवीत दोन द्रव असतात, आयसोसायनेट आणि पॉलिऑल, मधला पडदा फोडून पिशवी अर्धा मिनिट घुसळली की ते एकमेकांत मिसळतात, गरम होतात, फुगतात आणि घट्ट होतात, त्यांना हवा लागत नाही. आपला डबा असतो खिडकी-दरवाज्याच्या चौकटीतल्या फटी भरायला, त्यात सगळं आधीच एकत्र असतं आणि ते हवेतल्या ओलाव्याने सुकतं. फटीत पातळ थर असतो म्हणून तिथे ठीक आहे, पण दोन फूट खोल खड्ड्यात वरची साल सुकली की आत हवाच पोचत नाही.

हे मी स्वतः करून बघितलंय म्हणून एवढं ठामपणे लिहितोय. गेल्या मे महिन्यात गावच्या घरासमोर पाटीचा एक खांब डब्यातल्या फोमवर उभा केला, दुसऱ्या दिवशी हलवून बघितला तर छान घट्ट वाटला. जुलैत वाऱ्याने तो कलला. उपटून काढला तर बाहेरून बोटभर जाडीचं कडक कवच आणि आत अर्धीकच्ची इडली फोडल्यावर दिसतो तसा चिकट गोळा, दोन महिन्यांनंतरही, आणि एका बाजूने मुंग्यांनी बोगदे पाडलेले. मुंग्या आणि वाळवी फोम खात नाहीत पण पोखरत मात्र जातात. अमेरिकेतही जिथे वाळवी फार आहे तिथे घराच्या पायाशी जमिनीखाली फोमचे तक्ते लावण्यावर बांधकाम नियमात बंधनं आहेत, मग कोकणातल्या मातीत काय होईल ते वेगळं सांगायला नको.

आता तुमचा खरा प्रश्न वजनाचा आहे, तो अगदी रास्त आहे, तर हिशोबच करू. ९ इंच रुंद आणि २ फूट खोल खड्डा म्हणजे साधारण २५ लिटर, त्यात काँक्रीट जातं ६० किलो. ४० खड्ड्यांचं झालं २४०० किलो. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी असं मिश्रण धरलं तर सिमेंटच्या ७ गोणी, सोळाएक घनफूट वाळू आणि त्याच्या दुप्पट खडी, हे सगळं डोक्यावरून पाखाडीने वर, वर पाणी वेगळं. माणूस फोमचा विचार करणारच.

पण ४० च्या ४० खांबांना काँक्रीट कोणी सांगितलं? कुंपणाच्या मधल्या खांबावर तारेचा ताण दोन्ही बाजूंनी सारखाच असतो, त्याने फक्त सरळ उभं राहायचं असतं. खरा ओढा बसतो कोपऱ्यावर आणि फाटकाच्या खांबांवर. म्हणून ४ कोपरे, फाटकाचे २ आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर एक असे १० खांब काँक्रीटमध्ये घ्या, बाकीचे ३० दगड-मुरूम ठासून उभे करा, म्हणजे वर न्यायचं सामान सहाशे किलोवर येतं, सिमेंट दोन गोण्यांत भागतं. कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही बाजूंनी तिरका टेकू मात्र द्याच, टेकूशिवाय काँक्रीटमधला खांबही तार ताणली की आत झुकतो.

ठासणं म्हणजे नुसती माती लोटून पायाने दाबणं नव्हे. खड्डा खणताना निघालेल्या जांभ्याच्या खापऱ्या वेगळ्या ठेवा, तळाशी एक चपटा दगड, मग वीतभर थर खापऱ्या आणि मुरमाचा, थोडं पाणी शिंपडून पहारीच्या बोथट टोकाने ठोकायचा, आवाज भदभद येतोय तोवर थांबायचं नाही, टणटण आला की पुढचा थर. आमच्या वाडीतले जुने गडी असेच खांब रोवायचे. खांब धरून ठेवते ती शेवटी आजूबाजूची जमीनच, तुम्ही काँक्रीट घाला नाहीतर फोम, भोवतालची माती भुसभुशीत असेल तर सगळा गोळाच हलतो. जांभा त्या बाबतीत फार चांगला आहे, उलट मातीच्या भरावात खांब येत असेल तर खड्डा अर्धा फूट जास्त घ्या. आणि उतारावर खोली मोजायची ती खालच्या अंगाने, वरच्या अंगाने मोजली की खालच्या अंगाला खोली कमी पडते.

अँगलला बुडाशी सळीचा आडवा तुकडा वेल्ड करून घ्या म्हणजे तो वर उपटला जाणार नाही, जमिनीत जाणारा भाग आणि वर वीतभर डांबर फासा, लोखंड गंजतं ते नेमकं जमिनीच्या रेषेवर. काँक्रीटचा माथा जमिनीच्या थोडा वर आणि बाहेर उतरता ठेवा, सात दिवस पाणी मारा, तोवर तार ताणू नका. काम मे मध्येच उरका.

प्रश्न : दादा, आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे दोन द्रवांची पिशवी सहज मिळते. मागच्या अंगणातलं लाकडी कुंपण, त्याचं फाटक आणि पुढे रस्त्याच्या कडेची खांबावरची टपालपेटी, तिन्ही फोमवर करू का?

उत्तर : कुंपणाचे मधले खांब खुशाल करा. किलोभर वजनाची पिशवी काँक्रीटच्या जड गोण्यांचं काम करते, पाणी कालवायला नको, हा तिचा मोठा गुण आहे. पण खांब आधीच दोन बाजूंनी टेकू लावून, लेव्हल लावून ओळंब्यात उभा करा आणि मगच पिशवी फोडा, एकदा ओतल्यावर हात फिरवायला वेळ मिळत नाही. खड्ड्यात पाणी साचलं असेल तर उपसून टाका, आयसोसायनेटचा पाण्याशी संयोग होऊन वायू सुटतो आणि फोम जाळीदार, कमजोर होतो. थंडीत तो कमी फुगतो. उन्हाने पिवळा पडून भुगा होतो म्हणून वरचे दोन-तीन इंच मातीने झाका.

फाटकाचा खांब मात्र काँक्रीटमध्येच घ्या, तिथे एका बाजूने कायम वजन लोंबतं. डेक किंवा छताचा भार घेणारा खांबही फोमवर नको, फोम काँक्रीटइतका दाब घेऊ शकत नाही.

टपालपेटीला तर काँक्रीटही नको आणि फोमही नको. अमेरिकेच्या टपाल खात्याची शिफारसच अशी आहे की ४ बाय ४ इंचाचा लाकडी खांब २४ इंचांपेक्षा खोल पुरू नये, म्हणजे गाडी आदळली तर खांब पडतो आणि आतला माणूस वाचतो. नुसती माती ठासा. आणि पहिली कुदळ मारण्याआधी तिथल्या ८११ ह्या नंबरला फोन करा, गॅसची नि विजेची लाइन कुठून जाते ते फुकट खुणा करून देतात.

प्रश्न : फोम हाताला लागला, निघत नाहीये, काय करू?

उत्तर : ओला असतानाच कापडाने पुसून त्वचेवर थोडंसं ॲसिटोन, किंवा ॲसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर, लावलं तर निघतो. सुकला की काही चालत नाही, खरवडू नका, साल निघेल, तेल लावत राहा, काही दिवसांत कातडीबरोबर आपोआप सुटतो. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवत तडक डॉक्टरकडे जा. आणि घरात कोणाला दमा असेल तर त्या माणसाला ह्या कामाच्या जवळपासही उभं करू नका, आयसोसायनेटच्या वाफेने जोरात झटका येऊ शकतो.