ऊसतोड कामगारांच्या मुलांना शिकवताना शिक्षकाने कोणता दृष्टिकोन ठेवावा?

आधी ‘या मुलांना काही येत नाही’ हे वाक्य डोक्यातून काढा. बीडकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास कारखान्याच्या फडावर जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. पाचवीतल्या पोराला भागाकार जमत नसेल तर तो शिकवला तेव्हा ते गावातच नव्हतं. नेमकं काय बुडालंय ते शोधा, तिथून शिकवा. पुस्तक पुढे रेटून काही होत नाही.

आणि त्याला काय येतं तेही बघा. फडावर राहिलेली मुलगी धाकट्या भावाला सांभाळते, वाढे, म्हणजे चाऱ्यासाठी उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेले पैसे मोजते. इतक्या पेंढ्या, पेंढीला इतके रुपये, गुणाकार इथूनच सुरू करा. मात्र ‘तुझ्या घरच्यांनी मुकादमाकडून किती उचल घेतली?’ असं, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून घेतलेल्या आगाऊ पैशांबद्दल, वर्गात चुकूनही विचारू नका. ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येणार नाही.

कीव तर नकोच. ‘तिने गृहपाठ नाही केला तरी चालेल’ म्हणणं म्हणजे तिच्याकडून अपेक्षाच सोडणं. घरी जागा, उजेड नसेल तर शाळेतच अर्धा तास बसवून करून घ्या.

पालकांना शिक्षणाची पर्वा नाही असंही धरून चालू नका. ते निघण्याआधीच भेटा. मूल आजीजवळ राहील का, हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, विचारा. सोबत नेणारच असतील तर शिक्षण हमी पत्रक, म्हणजे मूल कितवीत शिकतंय हे तिकडच्या शाळेला सांगणारं कार्ड, हातात द्या. दाखला यायला उशीर झाला म्हणून तिकडच्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही, हे 2009च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. तेही त्यांना स्पष्ट सांगा.