भिंत न फोडता भाड्याच्या घरात प्लग पॉइंट कसे वाढवावेत?

तुम्ही विचारलंय की लातूरात पत्र्याच्या दोन खोल्या भाड्याने आहेत, प्रत्येक खोलीत दाराजवळ एकच बोर्ड आणि त्यावर एकच सॉकेट. कूलर, मिक्सर, इस्त्री, मुलाचा लॅपटॉप सगळं एका एक्स्टेंशनवर चालतं. घरमालक भिंत फोडू देत नाहीत, मग पॉइंट वाढवायचे कसे?

ताई, छिन्नी न लावता हे काम होतं. मी आयटीआयला वायरमन ट्रेड केलाय आणि माझी बरीचशी कामं भाड्याच्या खोल्यांचीच असतात. उपाय म्हणजे केसिंग पट्टी: पीव्हीसीची पांढरी पट्टी भिंतीवरून स्क्रूने बसवायची, आतून वायर न्यायची, वरून झाकण दाबायचं आणि शेवटी भिंतीवरच सर्फेस बॉक्स लावून त्यात सॉकेट बसवायचं. भिंतीला फक्त गिट्ट्यांची (स्क्रू पकडायला भिंतीत ठोकतात त्या खुंट्या) बारीक भोकं पडतात. घर सोडताना ती पुट्टीने बुजतात.

पण पट्टी कुठून सुरू करायची, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक जण जवळच्या जुन्या बोर्डातूनच लूप मारून, म्हणजे तिथल्याच वायरीला वायर जोडून, पुढे दोन सॉकेट काढतात. काम स्वस्तात होतं, पण मागची वायर तीच राहते. सॉकेटची भोकं वाढली म्हणून ती वायर जास्त करंट वाहून नेत नाही. मागच्याच उन्हाळ्यात भाड्याने राहणाऱ्या काही पोरांच्या खोलीत असा एक बोर्ड उघडला. सॉकेटमधली पितळी पट्टी काळी पडलेली होती आणि लाल वायरचं प्लास्टिक कडक होऊन बोटांत चुरा होत होतं. त्या पोरांची तक्रार एवढीच होती की “इस्त्री लावली की वास येतो.”

हिशोब साधा आहे. आपल्याकडे घरात 230 व्होल्ट येतात. लहान सॉकेट 6 अँपिअरचं, म्हणजे जेमतेम 1380 वॅट. 1000 वॅटची इस्त्री एकटीच चार अँपिअरच्या वर घेते. 2000 वॅटची इंडक्शन शेगडी जवळपास 9 अँपिअर घेते, ती लहान सॉकेटवर चालवायचीच नाही. पाणी तापवायच्या रॉडचंही तसंच. लॅपटॉप, मोबाइल, टीव्ही, टेबल फॅन मात्र एक्स्टेंशनवर बिनधास्त चालवा. फक्त एका एक्स्टेंशनमध्ये दुसरं खोचू नका आणि वायर गादीखालून किंवा दाराच्या फटीतून नेऊ नका.

म्हणून तापणाऱ्या वस्तूंसाठी मेन स्विचपासून वेगळी लाइन ओढून घ्या. 2.5 स्क्वेअर एमएमची, आयएसआय मार्कची तांब्याची वायर, तिन्ही तारा: लाल फेज (करंट आणणारी), काळी न्यूट्रल (करंट परत नेणारी), हिरवी अर्थिंग (गळालेला करंट जमिनीत नेणारी). शेवटी 16 अँपिअरचं सॉकेट, सुरुवातीला 16 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून लाइन बंद करणारा स्विच. मेनपासून सॉकेटपर्यंत 20 फूट अंतर असेल तर तीन तारांची मिळून 60 फूट वायर लागते, वर वळणांसाठी थोडी जास्त धरा. 25 एमएमची पट्टी पुरते. चिकटपट्टीने केसिंग चिकटवून देतो असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा; चुन्याच्या भिंतीवर आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ती सुटते आणि वायर लोंबायला लागते.

एमसीबी सारखा पडतो म्हणून “32 चा बसवून द्या” असं मला लोक सांगतात. मी ते काम करत नाही. एमसीबी पडतो तो वायर जळू नये म्हणून. जुन्या बारीक वायरवर 32 चा बसवला तर वायर जळेपर्यंत तो पडणारच नाही. किटकॅट फ्यूजमध्ये (जुना चिनी मातीचा फ्यूज) जाड तार गुंडाळणं म्हणजे तेच.

आता अर्थिंग, आणि इथे मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण तुमच्याकडे कूलर आहे. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याच्या बातम्या येतात. कूलर वीज फार खात नाही, दोनशे वॅटच्या आसपास. पण लोखंडी पत्रा, पाणी आणि ओली फरशी एकत्र आली की थोडीशी गळतीही जीव घेते. जुन्या खोल्यांत सॉकेटला वरचं जाड भोक असतं, पण त्याच्यामागे तारच नसते. काही जण तर त्या भोकाला न्यूट्रलच जोडून देतात. टेस्टिंगला सगळं ठीक दिसतं, पण न्यूट्रल कुठे तुटला की कूलरच्या बॉडीत थेट फेज उतरतो. वायरमनकडून बोर्ड उघडून घ्या आणि हिरवी तार खरंच जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत जाते का ते समोर बघा. खड्डा असला तरी उन्हाळ्यात काळी माती वाळून भेगाळते आणि अर्थिंग कमजोर पडतं, म्हणून त्यात अधूनमधून पाणी ओतावं.

सोबत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. एमसीबी वायरीला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. करंट गळून अंगातून जायला लागला की तो क्षणात लाइन तोडतो, अर्थिंग कमजोर असलं तरी. खर्चात कुठे हात आखडायचाच असेल तर मॉड्युलर प्लेट घेऊ नका, साधी घ्या, पण आरसीसीबी सोडू नका. त्याच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा, लाइन तुटली पाहिजे.

कूलरला तीन पिनांचाच टॉप (प्लग) हवा. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या बोर्डात बटण चुकून न्यूट्रलवर असू शकतं. पिन उपसायची, मगच पाइप लावायचा. हे मुलालाही शिकवून ठेवा.

तुमचं छत पत्र्याचं आहे म्हणून एक गोष्ट वेगळी सांगतो. पट्टी पत्र्याला किंवा लोखंडी अँगलला टेकवून नेऊ देऊ नका, भिंतीवरूनच घ्या. भिंतीतून पलीकडे जायचं असेल तिथे पाइपचा तुकडा घालून त्यातून वायर काढा. पत्र्याची कड वायरला कापते आणि मग अख्खं छत, अँगल, त्या अँगलला बांधलेली कपडे वाळत घालायची तार, सगळ्यात करंट येतो. कपड्यांसाठी तारेऐवजी नायलॉनची दोरीच बांधा, आजच.

वायरमन येण्याआधी घरातल्या टेस्टरने एवढं बघू शकता. सॉकेटचं जाड भोक वर असताना उजव्या भोकात टेस्टर पेटायला हवा. डाव्या भोकात पेटला तर फेज-न्यूट्रल उलटे आहेत किंवा न्यूट्रल तुटलाय. वरच्या जाड भोकात पेटला तर मेन बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या बोर्डाला हात लावू नका. याच्यापुढचं काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. मीटरच्या आधीच्या वायरीला किंवा सीलला कुणी हात लावायचा नाही. तिथे काही जळालं असेल तर महावितरणला 1912 वर फोन करा.

घरमालकांना तोंडी न विचारता व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा: “भिंत फोडणार नाही, वरून पट्टी टाकतो, जाताना भोकं बुजवून देतो. अर्थिंगची दुरुस्ती तुम्ही करून द्याल का?” अर्थिंग त्यांच्या घराचं आहे, तो खर्च त्यांनीच करायला हवा, असं मला वाटतं. बरेच मालक भाड्यातून वळते करून घ्यायला तयारही होतात. विजेच्या बिलावरचा मंजूर भारही (त्या मीटरवर जास्तीत जास्त किती वीज वापरायची परवानगी आहे ते) त्यांना विचारून घ्या, पुढे एसी लावायचा विचार असेल तर तो वाढवायचा अर्ज त्यांच्याच नावाने जाईल. जाताना सॉकेट, एमसीबी, आरसीसीबी तुमच्या पैशाचे असतील तर न्यायचे की ठेवायचे हेही त्याच मेसेजमध्ये ठरवून टाका, म्हणजे डिपॉझिट परत घेताना वाद होणार नाही.