पहिला लाकडी टोनआर्म: नऊ इंची करा, अन् जीव पिव्हटवर लावा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की जालन्यात आर्म (सुई धरणारा दांडा) तुटलेलं टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र मिळालं, मोटर-प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी) ठीक आहे, घरी शिसमाचा जाड तुकडा पडलाय तर त्याचा बारा इंची आर्म होईल का. होईल, पण पहिला नऊ इंचीच करा. बारा इंचीला पिव्हट (आर्म ज्यावर फिरतो तो आधार) प्लिंथच्या, म्हणजे टर्नटेबलच्या खालच्या पेटीच्या बाहेर जातो अन् वजनही वाढतं.

लाकूड मी सागवान घेतो. आमच्या लातूरकडं जुना वाडा पाडला की चौकटीचे तुकडे मिळतात, इतकी वर्षं ऊन-पाऊस खाऊन ते लाकूड आता हलत नाही. रेषा मात्र लांबीला सरळ पाहिजेत, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं ते आडवं, लांबीत जवळपास नाहीच. लाखेचं पॉलिश वायरच्या खाचेतही मारा.

आता वजन. 1 सेमी जाडीची नऊ इंची सागवानी काडी 15 ग्रॅम भरते, पण सुईला त्यातले तिसऱ्या हिश्श्याइतकेच, 5 ग्रॅम जाणवतात. पिव्हटजवळचं लाकूड मोजलंच जात नाही म्हटलं तरी चालेल अन् हेडशेलजवळचा, म्हणजे सुईकडच्या टोकाचा, ग्रॅम न् ग्रॅम पूर्ण मोजला जातो, म्हणून पुढं निमुळतं करत जा. कार्ट्रिज (सुई बसवलेला, आवाज पकडणारा भाग) ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम95ई घेतलं तर ते स्वतः 6.1 ग्रॅमचं, आर्मचा इफेक्टिव्ह मास (कार्ट्रिज सोडून सुईला जाणवणारं वजन) 12 ग्रॅमच्या आसपास राहिला की रेझोनन्स (आर्म आपसूक डोलतो तो वेग) 10 हर्ट्झजवळ येतो, आपल्याला 8 ते 12 मध्येच पाहिजे. खाली गेला तर वाकड्या रेकॉर्डवर आर्म उड्या मारतो.

पिव्हटला मी पोती शिवायच्या दाभणाचं टोक वापरलं, वर लेथवाल्याकडून पितळी स्क्रूला शंकूसारखा खळगा पाडून घेतला. काउंटरवेट (मागचं तोलाचं वजन) पितळेचंच, पण दाभणाच्या टोकाच्या पातळीखाली लटकलं पाहिजे, नाहीतर आर्म कलंडतो.

पिव्हट ते स्पिंडल (प्लॅटरच्या मधली खुंटी) 222 मिमी धरलं तर सुई स्पिंडलच्या पुढं 17 मिमी जाते अन् हेडशेल 23 अंश आत वळतं. कार्ट्रिजच्या स्क्रूंमधलं अंतर 12.7 मिमी, तिथं भोक नको, लांबट खाच पाडा, म्हणजे पुढंमागं सरकवता येईल. मग स्पिंडलपासून 66 अन् 120.9 मिमी या दोन ठिकाणी कार्ट्रिज खोबणीला बरोबर समांतर बसवायचं. कागदी प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन जुळवायचा छापील कागद) झेरॉक्सवाल्याकडून काढला तर पट्टीनं मोजूनच वापरा, प्रिंटमध्ये दोन-चार मिमी सहज कमी होतात.

अन् वायर! माझ्या पहिल्या आर्मला मी साधी जाड वायर टाकली होती. रेकॉर्ड आतल्या गाण्यांवर आली की डावा आवाज फाटायचा, महिनाभर मी कार्ट्रिजच बदलत बसलो, अँटिस्केटिंग (आर्मची आतली ओढ तोलणारी सोय) लावून पाहिलं, काही फरक नाही. शेवटी आर्म हवेत तोलून बोटानं ढकलला तर तो दरवेळी परत त्याच जागी यायला लागला. वायरच स्प्रिंगसारखी ओढत होती. तेव्हापासून केसासारख्या बारीक चार लिट्झ (अनेक बारीक तारा गुंफलेल्या) वायरी घेतो अन् पिव्हटपाशी सैल वेटोळं सोडतो. ढकलला तिथं आर्म थांबला पाहिजे, ही चाचणी झाल्याशिवाय सुई रेकॉर्डवर ठेवू नका.

सुईचा भार सोनाराच्या काट्यासारख्या 0.01 ग्रॅमच्या काट्यावर मोजून 2 ग्रॅम लावा. अन् मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या या सुईवर नको, त्यांची खोबण रुंद असते, सुई वेगळी लागते.