अनागरिक म्हणायचं की बिगरनागरिक?

प्रश्न असा आलाय की लात्विया या बाल्टिक देशाच्या बातम्यांत 'नेपिलसोनिस' म्हणून जे लोक येतात, म्हणजे तिथेच राहणारे पण नागरिकत्व नसलेले, त्यांना मराठीत काय म्हणायचं, अनागरिक, परदेशी की अजून काही. माझं मत बिगरनागरिक.

'अनागरिक' व्याकरणात बसतो हो, पण कानाला खटकतो. नागरिक म्हणजे मुळात नगरातला, संस्कृतात त्याला शहरी-चतुर अशीही छटा, मग अनागरिक म्हटलं की गावंढळच वाटतो. वर श्रीलंकेचे बौद्ध सुधारक अनागारिक धर्मपाल आठवतात ते वेगळंच, तिथे 'आगार' म्हणजे घर, म्हणून घरदार सोडलेला. गंमत म्हणजे लात्वियनमध्येही 'पिलसोनिस' म्हणजे नागरिक आणि 'पिलसेता' म्हणजे शहर, आपल्यासारखंच.

परदेशी तर नाहीच नाही. ही मंडळी बहुतेक सोविएत काळात रशिया, बेलारूस, युक्रेनमधून आलेली किंवा त्यांची मुलंबाळं, कित्येकांचा जन्मच राजधानी रीगातला. सोविएत संघापासून स्वतंत्र झाल्यावर ऑक्टोबर १९९१ मध्ये नागरिकत्व फक्त १९४० च्या आधीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांना मिळालं आणि सुमारे सात लाख माणसं त्यातून बाहेर राहिली. १९९५ च्या कायद्याने त्यांना वेगळा दर्जा दिला, वेगळा पासपोर्ट दिला, राहायचा हक्क दिला, पण मत नाही, महापालिकेतसुद्धा नाही. आता आपली बिगरशेती जमीन बघा, ती 'नसलेली' जमीन नसते ना, कागदोपत्री नोंद असलेला एक प्रकार असतो. तसंच हे, म्हणून 'बिगर' फिट बसतो.

खरी मारामारी मात्र क्रियापदावर आहे, आणि बातमी लिहिणारे इथेच घसरतात. राष्ट्रवाद्यांचं म्हणणं, १९४० मध्ये सोविएत संघाने देश बळकावला, पण तो संपला नव्हता, तेव्हा नागरिकत्व कुणाचं 'काढून घेतलं' नाही, ज्यांचं होतं त्यांना 'परत' दिलं. समोरचे म्हणतात मार्च १९९१ च्या स्वातंत्र्याच्या कौलात आम्हीही मत दिलं होतं की, मग 'काढून घेतलं' नाही तर काय. 'नाकारलं' हा त्यातल्या त्यात मधला शब्द, मी तोच वापरतो, पण तोही अगदी निष्पाप नाही. १९९८ मध्ये अर्जासाठीच्या वयोगटांच्या 'खिडक्या' (म्हणजे ठरलेल्या वयाच्यांनी ठरलेल्या काळातच अर्ज करायचा; तिथेही खिडक्याच म्हणायचे!) बंद करून नियम सैल केले तेव्हा राष्ट्रवाद्यांनी सह्या गोळा करून सार्वमत घ्यायला लावलं आणि हरले, साधारण ५३ टक्के लोक सैल नियमांच्या बाजूने गेले.

आणि जाताजाता, 'तौतीबा'चं भाषांतर 'राष्ट्रीयत्व' करू नका प्लीज. तो वंश-समाज सांगणारा शब्द आहे, लात्वियन, रशियन, पोलिश वगैरे. नागरिकत्व 'पिलसोनीबा'. एकाच माणसाची तौतीबा रशियन आणि पिलसोनीबा लात्वियाची असू शकते, आणि दोन्हीकडे 'राष्ट्रीयत्व' लिहिलं की भांडण कशाचं चाललंय तेच वाचणाऱ्याला कळत नाही.