खराब ई-सायकली विकून वॉरंटी नाकारणाऱ्या छोट्या कंपनीने माफी मागून नवं मॉडेल आणलं, तर ग्राहक पुन्हा विश्वास ठेवतील का?

नुसत्या माफीवर नाही ठेवणार. मालवणात आमचं सायकलचं दुकान वडिलांपासूनचं आहे आणि अशाच एका छोट्या कंपनीच्या ई-सायकली मी विकल्या आहेत, म्हणून सांगतो.

पहिला पावसाळा सरता सरता सायकली परत यायला लागल्या. मोटरचा कनेक्टर उघडावा तर आत पिना हिरव्यागार. मोटरला वीज सोडणाऱ्या कंट्रोलरच्या डब्याचे स्क्रू एवढे गंजलेले की पाना लावताच डोकी तुटायची. कंपनी म्हणाली, गंज वॉरंटीत बसत नाही. मग म्हणाली, डबा बाहेरच्या मेकॅनिकने उघडला, वॉरंटी रद्द. बाहेरचा मेकॅनिक म्हणजे मी, त्यांचाच डीलर! आणि कॅटलॉगवर फोटो समुद्रकिनाऱ्यावर उभ्या केलेल्या सायकलचा.

वर आयपी ६७ चं, म्हणजे धूळ-पाणी आत शिरत नाही याचं, प्रमाणपत्र पुढे करायचे. ती चाचणी गोड्या पाण्यातली, १ मीटर खोलीवर ३० मिनिटं. खाऱ्या वाऱ्याचं त्यात काही नाही. त्यासाठी मिठाच्या फवाऱ्याची वेगळी चाचणी असते. तिचा रिपोर्ट मागितला, तो आलाच नाही.

बाजारात मासे विकणाऱ्या एका काकींना मी कंपनीचं पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "कंपनी माका ठावक नाय. सायकल मी तुझ्याकडसून घेतलंय." बरोबरच होतं त्यांचं. मी कनेक्टर कापून वायरी सोल्डर केल्या, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवली, स्टेनलेसचे स्क्रू बसवले. ज्यांनी ज्यांनी सायकल आणली त्यांचं काम केलं, पैसे घेतले नाहीत.

माझा थोरला भाऊ अजून वाद घालतो की दोष कंपनीचा, तू नुसता विकणारा, तू का भुर्दंड सोसलास? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा विक्रेत्यालाही जबाबदार धरू शकतो. पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. गिऱ्हाईक आपल्या तोंडाकडे बघून पैसे मोजतं.

त्या कंपनीला खरंच विश्वास हवा असेल, तर नवं मॉडेल बाजूला ठेवून आधी जुन्या सायकली फ्रेम नंबरवरून शोधून फुकट दुरुस्त कराव्यात आणि सुटे भाग कुडाळ-कणकवलीला ठेवावेत. 'छोटी कंपनी आहे, सांभाळून घ्या' हे मला पटत नाही. ग्राहकही छोटाच असतो.

तुमची स्वतःची सायकल अडकली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा. नाही जमलं तर आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जा. मुदत २ वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. बिल आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवा.

एक मात्र सांगायला हवं, त्यांची बॅटरी चांगली होती. सगळंच टाकाऊ नव्हतं.

दादा म्हणतो ते पैसे बुडाले. त्या काकींनी यंदा सुनेसाठी सायकल नेली, दुसऱ्या कंपनीची, पण माझ्याच दुकानातून.