नळी नको म्हटलं, तर आईला उपाशी मारलं असं होईल का?

हा प्रश्न मला बहुतेक वेळा मुली नाहीतर सुनाच विचारतात, तोही निघता निघता, दाराशी. अशाच एका मुलीची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

आई ८४ वर्षांची. डिमेन्शिया नऊ वर्षं, त्यातलं दीड वर्ष अंथरुणाला खिळलेली. दवाखान्यात नाकातून घातलेली राइल्स ट्यूब, म्हणजे थेट पोटात अन्न सोडणारी नळी, तिने दोनदा ओढून काढली. तिसऱ्यांदा घातल्यावर हात कॉटच्या कठड्याला बांधले. मुलीने फोनवरचा फोटो माझ्यापुढे धरला. बांगडीच्या जागी गॉजपट्टी, खाली लाल वळ.

"मॅडम, घरी आणल्यावर पुन्हा निघाली. डॉक्टर म्हणतात, तुम्ही ठरवा. भाऊ अमेरिकेतून म्हणतो, पैसे मी देतो, नळी घाल. मावशी म्हणते, अन्नपाणी तोडलंस तर पाप लागेल."

भावाचा मला राग येत नाही. इतक्या लांबून पैशांखेरीज तो काय पाठवणार?

तिला सांगितलं, या आजाराच्या शेवटच्या टप्प्यात शरीर गिळणंच विसरतं, भूकही मावळते. अशा रुग्णांत नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. नळी असली तरी लाळ श्वासनलिकेत उतरतेच. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीनेही २०१४ मध्ये नळीऐवजी हाताने, सावकाश भरवा असंच सांगितलं. पक्षाघातानंतरची नळी वेगळी. तिथे गिळणं परत येऊ शकतं, तोवर ती कामाची असते. ही गल्लत घरोघरी होते, कारण हे निवांत बसून समजावायला कुणाला वेळ नसतो.

"म्हणजे विनोबांसारखं?" तिने विचारलं.

नाही गं. विनोबांनी १९८२ साली पवनारला अन्न-औषध सोडलं, ते स्वतः ठरवून. तुझी आई काही ठरवण्याच्या पलीकडे आहे. तिने तोंड उघडलं की भरवायचं, मिटलं की थांबायचं.

"धडधाकट होती तेव्हा काही बोलली होती?" मी विचारलं.

ती बराच वेळ ओढणीचं टोक पिळत बसली. "शेजारच्या काकूंना नळी लावलेली बघून आली होती. म्हणाली, माझं असं करू नका गं."

कागदावर काहीच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेलं लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेलं इच्छापत्र, २०२३ पासून दोन साक्षीदार घेऊन नोटरीकडेही करता येतं, पण समज शाबूत असतानाच. इथे ती वेळ टळून गेली होती. भावाला मात्र आईचं ते बोलणं ठाऊकच नव्हतं. म्हटलं, आहे तसं त्याला सांग.

महिन्याने ती आली. स्पीच थेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे आईला ताठ बसवून अर्धा अर्धा चमचा भरवत होती. तूप-मेतकूट घालून घोटलेला भात. पहिल्या दिवशी भाऊ व्हिडिओ कॉलवर होता. सहा चमचे गेले, सातव्याला आईने तोंड फिरवलं.

"तो म्हणाला, अजून एक दे ना. मी वाटी खाली ठेवली. मग काहीच बोलला नाही, नुसता बघत बसला. आता रोज सकाळी आठला त्याचा फोन येतो. चमचे मोजतो."