बंदूक आधी अंगाला बसली पाहिजे

बेटा,

तुझा तो लांबलचक मेसेज परवा रात्री वाचला आणि काल सकाळी चहा घेताना परत वाचला. आजोबांची दुनळी ठेवू की विकू, ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक नळ्यांची, घेऊ का, नळी अठ्ठावीस इंची की तीस, नळीचा व्यास बारा बोरचा की वीस, इटालियन की टर्किश, सगळं विचारलंस. एकच विचारलं नाहीस, की ती बंदूक माझ्या अंगाला बसेल का. आणि उत्तर फक्त त्याच प्रश्नाचं द्यायचंय मला, बाकीचे प्रश्न त्याच्या मागून येतात.

आधी शिकारीचं मिटवतो. आजोबा सिन्नरच्या माळावर तित्तर मारायचे, ते ऐकत तू मोठी झालीस, समजू शकतो. पण १९७२ चा वन्यजीव कायदा आणि मग १९९१ ची दुरुस्ती, त्यानंतर तो विषय आपल्याकडे संपला आणि संपला ते बरंच झालं. थंडीत नांदूर मध्यमेश्वरला बदकं उतरतात ती दुर्बिणीतून बघ. रानडुकरांनी मका उकरला तर वनखात्याकडे अर्ज करायचा, परस्पर गोळी नाही. तुला उडत्या गोष्टीवर नेम धरायचाय ना, मग ट्रॅप आहे, स्कीट आहे, दोन्ही हवेत सुटलेल्या चकतीवर नेम धरायचे खेळ. ११० मिलिमीटरची चकती असते, ट्रॅपमध्ये ती खड्ड्यातल्या मशीनमधून सुटते, कुठल्या बाजूला जाईल माहीत नाही, आणि तुझ्याकडे दोन फैरी. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये स्कीटच्या मिश्र जोडीत माहेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका यांचं ब्राँझ ४४-४३ असं एका चकतीनं गेलं, तू बघितलं असशीलच. एका चकतीला काय किंमत असते ते यावरून कळतं.

आता बसण्याचं, म्हणजे फिटिंगचं. रायफलला मागे साईट असते, पुढे साईट असते, दोन्ही जुळवायच्या. छऱ्याच्या बंदुकीला मागची साईट नसतेच, तिथे तुझा डोळा असतो. म्हणजे गाल दस्त्यावर, खांद्याला टेकतो त्या मागच्या लाकडी भागावर, रोज एकाच जागी बसला तरच ती रोज एकच बंदूक. दस्त्याची वरची कड खाली असेल तर डोळा खाली जातो, तुला नळी दिसतच नाही, मागचा लोखंडी भागच दिसतो, मग तू गाल उचलतेस आणि गाल उचलला की मार वर जातो. कड उंच असेल तर डोळा आधीच वर, मार पुन्हा वरच. लांबीचंही तसंच. ट्रिगरपासून दस्त्याच्या बुडापर्यंतचं अंतर बाजारातल्या बंदुकांना साधारण साडेचौदा इंचाच्या आसपास असतं, ते पुरुषाच्या मापाचं. तू पाच फूट एक. तुझ्या खांद्यावर ती आणताना बूड काखेत अडकणार, मग ते सरकून दंडावर येणार, आणि धक्का खांद्याऐवजी दंडाच्या हाडाला बसणार. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून फिरल्यासारखं आहे हे, डोकं दुखेल आणि दोष स्वतःलाच देशील.

दुकानदार तुला सांगेल, बूड कोपराच्या लवणीत टेकव आणि बोट ट्रिगरला पोचतंय का बघ. त्यावर विश्वास ठेवू नकोस. त्यात मान कळत नाही, गाल कळत नाही, खांद्याचा उतार कळत नाही. तू असं कर. बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी बघ, मग बंद कर, समोर भिंत आणि भिंतीमागे कुणी नाही याची खात्री कर, डोळे मिट आणि सावकाश खांद्याला लाव, गाल टेकव, मग डोळे उघड. रिबच्या, म्हणजे नळीवरच्या लांब पट्टीच्या, वर नेमकं मधोमध दिसलं पाहिजे, हलवून नीट करावं लागलं तर ती तुझी नाही. ट्रिगरच्या हाताचा अंगठा आणि नाक यात दोन बोटं जागा राहिली पाहिजे. पाच-सहा वेळा कर, दरवेळी सारखं आलं पाहिजे. आणि जाड स्वेटर घालून परत कर, कारण आपल्याकडे जानेवारीत पहाटे निफाडकडे किती गार असतं माहितीये ना, बागायतदार द्राक्षासाठी शेकोट्या पेटवतात, त्या थंडीत तू टीशर्टवर उभी राहणार नाहीस आणि स्वेटरनं दस्ता चांगलाच लांब होतो.

मी हे इतकं ओरडून का सांगतोय, ऐक. मी शिकत होतो तेव्हा ज्यांच्या हाताखाली होतो ते म्हणायचे, बंदूक बदलायची नसते, माणसाने सवय करून घ्यायची. लांब दस्त्याची जड बंदूक, गालफडावर काळानिळा डाग, आणि मग ट्रिगर ओढायच्या आधीच डोळा मिटायला लागला. शरीर घाबरतं, मन कितीही म्हणो. तो डोळा परत उघडा ठेवायला शिकण्यात माझी चांगली वर्षं गेली, ती परत येत नाहीत. त्यानंतर मी दस्ता कापून घेतला, रबर पॅड लावला, कड खरवडून माझ्या गालाची केली. लोक म्हणाले आता हिला गिऱ्हाईक मिळणार नाही. नको मिळू दे, मी विकायला घेतली होती का? आजही मला हट्टी म्हणतात आणि आजही रेंजवर मी गाल टेकवतो आणि रिब मधोमध दिसते. अजून कुणी मला यावर खोटं ठरवलेलं नाही.

आता आजोबांची दुनळी. त्यांनी सत्तरी ओलांडली म्हणून ती कायद्याने तुझ्या नावावर करता आली, ही फार मोठी गोष्ट आहे, विकायचा विचार घाईत करू नकोस. पण एक काडतूसही घालू नकोस जोपर्यंत जाणत्या गनस्मिथने चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती नळीची मागची जागा, मोजलेलं नाही. जुन्या इंग्लिश बंदुकांचं चेंबर अडीच इंचाचं असायचं, आत्ताचं काडतूस पावणेतीनचं, आत बसतं व्यवस्थित म्हणून माणूस फसतो, पण फुटल्यावर त्याच्या तोंडाची घडी पुढे उघडते, तिला जागा नसते आणि दाब वाढतो. पुढचा लाकडी भाग काढून नळीच्या बुडाखाली तपासणीचे ठसे असतात ते बघायला सांग. शिवाय जुनी दुनळी हलकी असते. हलक्या बंदुकीचा धक्का जास्त, ट्रॅपची बंदूक साडेतीन किलोच्या वर असते ती उगाच नाही.

बोर बारा घे. वीस बोरची काडतुसं शोधत फिरशील. काडतूस चोवीस ग्रॅम छऱ्याचं, ट्रॅपच्या नियमात त्याहून जड चालतच नाही, शिकारीची छत्तीसची तुझ्या खांद्याला आत्ता नकोत. नळीची लांबी, चोक म्हणजे नळीच्या तोंडाची अरुंदी, लाकडावरची नक्षी, कंपनी, यावर मला मेसेज करू नकोस. बंदूक अंगाला बसली का, एवढंच लिही.

आणि हो, बाबांना सांग की महागडी घेऊन दिली म्हणजे बसेलच असं नाही. त्यांचं प्रेम आहे, कळतं, पण त्यांच्या खांद्याने तुझी बंदूक निवडू देऊ नकोस. मी फोनवर बोललो तर ते रागावतील, तू बोल.

रविवारी सकाळी दुनळी घेऊन ये. उघडून, रिकामी, कव्हरमध्ये. लायसन्स सोबत ठेव, काडतुसं आणूच नकोस. स्वेटर आण, सगळ्यात जाड असेल तो. माझ्याकडे मोजपट्टी आहे.

काका